बँड कसा वाजतो ते जॉनरच्या नावावरून कळतं का? (अर्ज अडलाय, मदत करा)

चौथी_तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचा चौघांचा बँड आहे. दोन वर्षं झाली, जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सराव चालतो. एक जण इलेक्ट्रिक गिटार, मी बेस, एक जण हलगी आणि घुमकं ही तालवाद्यं, आणि गाणारी मुलगी पूर्व भागातली, घरची भाषा तेलुगू. गाणी बहुतेक मराठी, दोन तेलुगू, आणि एक असं आहे की ज्याचं धृपद कन्नड आणि बाकी सगळं मराठी.

परवा एका महोत्सवाचा अर्ज भरत होतो. बँडचं नाव, गाव, किती जण, इथपर्यंत गाडी नीट चालली. पुढचा रकाना 'जॉनर', म्हणजे संगीताचा प्रकार. तिथं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. गिटारवाला म्हणतो 'फोक रॉक' लिहा. हलगीवाला म्हणतो, माझ्या आज्यानं हलगीला जन्मात फोक म्हटलं नाही, हलगीच म्हटलं. गाणारी म्हणते 'फ्यूजन' लिहिलंत तर मी येणार नाही, फ्यूजन म्हटलं की लोक सतार शोधायला लागतात. मी म्हटलं रिकामं सोडू. पण तिथं लाल चांदणी आहे, भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

माझं मत आधीच सांगतो. ही नावं दुकानदारांसाठी आहेत, कानासाठी नाहीत. 'रॉक' म्हटल्यावर तुम्हाला नक्की काय ऐकू आलं? काहीच नाही.

तर दोन प्रश्न. नावावरून आवाज कळतो का? आणि त्या रकान्यात काय लिहू? शुक्रवारी मुदत संपतेय.

---

कडक_भाकरी

आधी हे सांग बे, वरातीला येता का? किती घेता?

---

चौथी_तार

वरातीला नाही हो मालक.

---

कडक_भाकरी

मग बँड कशाला म्हणूलालास? सोलापुरात बँड म्हणजे लाल कोट, ट्रम्पेट, आणि मागं जनरेटरचा गाडा ढकलणारं पोरगं. बघ, जॉनर राहू दे, तुझं नाव पहिल्याच शब्दाला फसलं.

---

वाचनमात्र_वैशाली

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). शेंगा घेऊन बसलेय, चालू द्या.

---

मेटल_महादू

धागाकर्त्याशी साफ असहमत. 'रॉक' फार मोठं नाव आहे म्हणून काही कळत नाही, पण बारीक नावं घ्या. मेटलमधलं डूम म्हटलं की संथ, जड, खाली उतरवलेल्या तारा. मेटलमधलंच थ्रॅश म्हटलं की वेग, आणि गिटारच्या उजव्या हाताचा खाली-खाली-खाली मारा. ड्रम अँड बेस म्हटलं की मिनिटाला १७० च्या आसपास ठोके, तुटक ड्रम. रेगे म्हटलं की गिटार ठोक्यावर पडणार नाही, मधल्या जागेत पडणार. यात न कळण्यासारखं काय आहे? मी अकरावीत असताना होटगी रोडवरच्या सायबर कॅफेत बसून फक्त नावांवरून गाणी शोधली. दहातली आठ मला हवी तशीच निघाली.

ज्यांना नावं निरुपयोगी वाटतात त्यांना बहुतेक वेळा ती नावं माहीत नसतात. रागावू नका.

---

मंद्रात_रमलेला

महादूभाऊ, रागावत नाही, पण आमच्याकडचं बघा.

किराणा घराणं. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, तिघंही त्याच घराण्याचे. तिघांच्या तबकड्या ज्याला नावं माहीत नाहीत अशा माणसाला ऐकवा आणि विचारा, एका घरातले वाटतात का? हिराबाईंचा नाजूक, मऊ सूर. गंगूबाईंचा घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा भारदस्त आवाज, न बघता ऐकला तर पुरुष गातोय असंच वाटावं. भीमसेनजींची तान म्हणजे तिसरंच प्रकरण. मग 'किराणा' या शब्दानं कळलं काय? तर तालीम कुठून आली ते कळलं. स्वराला कसं हळूहळू भिडायचं, आलापी किती महत्त्वाची, हा संस्कार कळला. आवाज कळला नाही.

आणि नाव तर गावाचं आहे, कैराना, उत्तर प्रदेशातलं. आमच्या नातवाला वाटायचं की वाण्याच्या दुकानाचा काहीतरी संबंध असेल.

---

मेटल_महादू

पण काका, तुम्हाला 'ग्वाल्हेर' आणि 'किराणा' ऐकताना फरक कळतो ना? म्हणजे नाव काहीतरी काम करतंच.

---

मंद्रात_रमलेला

कळतो. चाळीस वर्षं ऐकल्यावर. नावानं नाही शिकवलं ते, कानानं शिकवलं. नाव नंतर चिकटलं.

---

साधा_माणूस_सातरस्ता

जॉनर की जान्र की झॉन्रा? आमच्या मंडळात एक जण 'जॉनर किती केव्हीचा' असं विचारत होता.

---

संचालक

'जॉनर'च्या उच्चारावरचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. मूळ विषयावर लिहावे ही विनंती. (तो फ्रेंच शब्द आहे. कसाही म्हणा.)

---

नवीपेठ_साईड_बी

धागाकर्ता म्हणतो नावं दुकानदारांसाठी असतात. मी त्या दुकानात होतो, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात नवी पेठेत कॅसेटच्या दुकानात सात वर्षं कामाला होतो. मालकानं फळ्यांवर खडूनं लिहिलेलं असायचं: हिंदी फिल्मी, मराठी, भक्ती, भीमगीते, कव्वाली, कन्नड, तेलुगू, आणि तळाला एक खोकं, 'इंग्लिश'. त्या खोक्यात बोनी एम, मायकेल जॅक्सन, मेटालिका आणि एक नुसत्या पियानोची कॅसेट, जिच्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. गोऱ्या माणसाचा फोटो असला की इंग्लिश.

खरी पंचाईत प्रल्हाद शिंदेंची. भक्तिगीतं त्यांची, कव्वाली त्यांची, लोकगीतं त्यांची, भीमगीतंही त्यांची. आवाज एकच, फळ्या चार. कुणी 'प्रल्हाद शिंदे द्या' म्हटलं की मी चारही फळ्यांवरनं काढून काउंटरवर ढीग लावायचो आणि विचारायचो, कुठलं कार्य आहे घरी? सत्यनारायण, जयंती की नुसतंच ऐकायला? मग कळायचं काय द्यायचं. म्हणजे फळीवरचं नाव आवाजाचं नव्हतंच, प्रसंगाचं होतं. आणि प्रसंगाचं म्हणून ते चोख काम करायचं. मी तरी त्याला खोटं म्हणणार नाही.

सात वर्षांत जॉनर विचारणारं गिऱ्हाईक एकही आलं नाही. 'गड्ड्यात (म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत) पाळण्याजवळ वाजत होतं ते द्या', 'रिक्षात ऐकलं, बाई रडक्या आवाजात गाते ते द्या'. पाळण्याजवळ काय वाजत होतं हे मला माहीत असणं अपेक्षित होतं. आणि माहीत असायचं, कारण होम मैदानावर संध्याकाळी मीही जायचो.

अवांतर: 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव असंच फळीसाठी जन्मलं. १९८७ साली लंडनमधल्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. आफ्रिकेतल्या, आशियातल्या गायकांच्या रेकॉर्डी दुकानदार कुठं ठेवायच्या ते न कळून ठेवतच नव्हते. म्हणून एक नाव ठरवलं. त्यात मालीचा गायकही बसला आणि पाकिस्तानचा कव्वालही. आवाजात साम्य शून्य. पण रेकॉर्डी दुकानात आल्या.

---

वाचनमात्र_वैशाली

'कुठलं कार्य आहे घरी?' हे जगातलं सगळ्यात भारी वर्गीकरण आहे. +१

---

इंद्रभुवन_समोर

साईड बी यांच्या प्रतिसादाला जोडून, जरा कडू.

अमेरिकेत काळ्या कलावंतांच्या रेकॉर्डींना कित्येक वर्षं 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचे. ब्लूज असो, जॅझ असो, चर्चमधलं गाणं असो, घेणारा काळा म्हणून एक खोकं. १९४९ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीचं ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं गेलं, जेरी वेक्सलर या तिथल्याच पत्रकारानं सुचवलेलं. ऐकायला आवाजाचं नाव वाटतं, रिदम आहे, ब्लूज आहे. पण खोकं तेच राहिलं, फक्त चिठ्ठी सभ्य झाली. हे फार जुनं झालं म्हणाल तर २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या रॅपरचं गाणं बिलबोर्डच्याच कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं, पुरेसं कंट्री नाही म्हणून. त्यावरून तिकडं जे रान पेटलं ते नुसत्या बँजो-गिटारवरून नव्हतं.

म्हणून कुणी 'हे कुठलं जॉनर' म्हटलं की मी आधी बघतो, नाव कुणी दिलं? वाजवणाऱ्यानं, विकणाऱ्यानं की नाक मुरडणाऱ्यानं? भीमगीत हे आम्ही आमचं दिलेलं नाव. चाल कव्वालीची असेल, लावणीची असेल, आता तर रॅपही आहे. त्या नावातून चाल कळावी अशी अपेक्षाच नाही. कुणासाठी आणि कशासाठी गातोय ते कळतं आणि तेच कळायला हवं असतं.

---

मेटल_महादू

हे पटलं. 'नाक मुरडणाऱ्यानं' यावरून: क्राउटरॉक हे नाव ब्रिटिश पत्रकारांनी जर्मन बँडांना चिकटवलं, 'क्राउट' ही जर्मनांना दिलेली शिवीच. शूगेझही तसलंच. वाजवणारे पायाजवळच्या पेडलांकडं बघत उभे राहायचे, म्हणून 'बुटांकडे बघणारे'. पण आज शूगेझ म्हटलं की गिटारचा दाट धुरकट पडदा आणि आत बुडालेला आवाज लगेच डोक्यात येतो. म्हणजे चिडवायला दिलेलं नावही पुढं आवाजाचं होऊन जातं.

---

कडक_भाकरी

बुटांकडं बघणारे! आमच्या गल्लीतल्या लेझीम पथकात सगळेच शूगेझ. पाय चुकला की मागच्याची लेझीम डोक्यात.

---

आता_पुण्यात

धागाकर्त्या, तू उगाच गुंता करतोयस. फ्यूजन लिही आणि मोकळा हो. तुमचा जो प्रकार आहे त्याला जग फ्यूजनच म्हणतं. नाव नाही दिलं तर लोक शोधणार कसे? ॲपवर गाणं टाकताना मुख्य प्रकार, उपप्रकार दोन्ही भरावे लागतात. त्यावर यंत्र ठरवतं गाणं कुणापुढं ठेवायचं.

---

चौथी_तार

ॲपचं ऐकाच. आम्ही एक गाणं टाकलंय. यादीत आमच्या वाट्याला भाषाच आल्या. मराठी, तेलुगू, कन्नड. म्हणजे इंग्रजीत गाणाऱ्याला रॉक, पॉप, मेटल, पन्नास पर्याय. आम्हाला काय, तर 'मराठी'. भाषा हा संगीताचा प्रकार कधीपासून झाला? आणि त्या दोन भाषांच्या गाण्याला काय लिहायचं, डावा कान कन्नड, उजवा मराठी?

---

पूर्वभागातली

गाणारी मुलगी मीच. धागा आत्ता पाहिला. याला मी 'घरातलं भांडण बाहेर नेऊ नकोस' म्हणाले होते.

तेलुगूचं मी सांगते. आमची आज्जी विड्या वळायची. बतुकम्मा सणाच्या दिवसांत गल्लीतल्या बायका फुलांची उतरंड मध्ये ठेवून गोल फिरतात, टाळ्या देत गातात. एक म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात. वाद्य नाही, टाळी हाच ठेका, आणि वाकून टाळी देताना श्वास जिथं तुटतो तिथंच ओळ तुटते. आमची दोन्ही तेलुगू गाणी त्या तुटण्यावर बांधलीत. ती ॲपवर 'तेलुगू' मध्ये गेली आणि शेजारी काय, तर हैदराबादच्या सिनेमातली नाचाची गाणी. ज्याला ती हवी होती त्यानं आमचं दहा सेकंदांत पुढं ढकललं असणार. त्याचा दोष नाही.

'फ्यूजन' बद्दल माझा राग असा की, त्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आधी वेगळ्या होत्या आणि कुणीतरी हुशार माणसानं त्या जोडल्या, असं गृहीत धरलंय. माझ्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, समोरच्या काकू कन्नड, भाजीवाला दख्खनी बोलतो. मी काय जोडलं? मी इथं राहते.

---

आता_पुण्यात

ताई, मुद्दा मान्य. शब्द परत घेतो. तरी 'मी इथं राहते' हे रकान्यात बसणार नाही.

---

ध्वनिक्षेपक_अण्णा

मी साऊंड लावतो. लग्न, सभा, भजन, ऑर्केस्ट्रा, सगळं. तीस वर्षं.

नावांचं काय घेऊन बसलात. मिरवणुकीत स्पीकरची भिंत लावतात तिला आपल्याकडं काय म्हणतात? डॉल्बी. या भागात पोरासोरांनाही ठाऊक. डॉल्बी ही खरी कंपनी. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसानं १९६५ साली लंडनमध्ये सुरू केली, आणि तिचं पहिलं मोठं काम काय, तर टेपवर जी सूं-सूं यायची ती कमी करणं. नको असलेला आवाज घालवण्याची कंपनी! आणि आपण तिचं नाव कशाला दिलं बघा. त्या भिंतीत डॉल्बीचा एक स्क्रूसुद्धा नसतो.

बँजो पार्टीचंही तेच. त्यात वाजतो तो अमेरिकेतला बँजो नाहीच, ते बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. मूळ जपानचं. आणि आता तर कित्येक पार्ट्यांत तेही राहिलं नाही, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. तरी पार्टी बँजोचीच. नाव चुकीचं आहे. पण लग्नघरात 'बँजो सांगितलाय' म्हटलं की मांडवात कोण येणार, किती वेळ नाचायचं, शेजाऱ्यांनी किती वाजता झोपायचं, सगळ्यांना कळतं. एकालाही शंका येत नाही.

मला जॉनर सांगू नका. चॅनल लिस्ट द्या. किती माईक, किती लाइन, मॉनिटर कुणाला. मागं एकदा 'सुफी बँड' म्हणून सांगितलं. मी हार्मोनियम, तबला, कोरसचे माईक मांडून बसलो. आले तर दोन गिटार, ड्रमसेट आणि गाणारा उड्या मारतोय. ड्रमला लावायला माईक शिल्लक नाही. नाव बरोबर होतं म्हणे, शब्द सुफी होते.

---

मंद्रात_रमलेला

अण्णा, दंडवत. 'शब्द सुफी होते' यातच निम्मं उत्तर आहे. आपली किती नावं मुळात शब्दांची आहेत बघा. अभंग हा तर छंद, रचनेचा प्रकार. पंढरीच्या वाटेवर दिंडीत टाळ-पखवाजावर शंभर गळे म्हणतात तोही अभंग, आणि सभागृहात तबला-हार्मोनियम घेऊन एक जण तासभर आळवतो तोही अभंग. गझलसुद्धा शेरांची बांधणी, आवाजाचा तिच्याशी संबंध काय? पण लोकांना गझल म्हटलं की मंद दिवे आणि हळू आवाजच आठवतो.

लावणीचं उलट. बैठकीची म्हटलं की बसून, अदाकारी चेहऱ्यात आणि हातात, लय संथ. फडावरची म्हटलं की ढोलकी आणि चाळ. तिथं नावात शरीर आहे. आपल्या सोलापूरच्याच शाहीर राम जोशींच्या लावण्या घ्या, शब्द तेच, पण बसून गायल्या की एक आणि उभं राहून गायल्या की दुसरंच.

---

चादरवाला

आमचा धंदा चादरीचा, म्हणून तोंड घालतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे काय, तर नाव गावाचं, नक्कल करू नका. पण गिऱ्हाईक दुकानात येऊन 'सोलापुरी द्या' म्हणतं तेव्हा त्याला गाव नको असतं, ती जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी, धुतली की आणखी मऊ होणारी वस्तू हवी असते. बाहेरगावच्या हलक्या चादरींवर हेच नाव छापलेलं मी स्वतः पाहिलंय. मग आम्ही काय करतो? घडी उलगडून हातात देतो. बोलणं बंद.

गाण्याची घडी उलगडा की. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा.

---

मेटल_महादू

चादरवाले, बरोबर. पण उलगडून दाखवायला गिऱ्हाईक आधी दुकानात यावं लागतं. नवी पेठेत शंभर दुकानं. पाटी वाचूनच आत येतात.

बरं, आता एक प्रयोग. धागाकर्त्या, नाव सोड. आम्ही कुणी तुमचा बँड ऐकलेला नाही. कसा वाजतो ते एकही जॉनरचं नाव न घेता सांग.

---

चौथी_तार

बघतो.

घुमकं खाली घुमतं. त्यामुळं मी बेस असूनही खालच्या तारेवर फार जात नाही, गेलो की दोघांचा चिखल होतो. मी वरच्या दोन तारांवर, तुटक वाजवतो. हलगी (चामडं शेकून) तापलेली असली की तिचा कडकडाट इतका टोकदार येतो की गिटारवाल्याला ट्रेबल जवळजवळ बंद करावा लागतो. म्हणून आमची गिटार कायम जराशी घोगरी, मधल्या पट्टीत गुरगुरल्यासारखी. ती सूर कमी धरते, ठेका जास्त धरते. लय फार जलद नाही, गड्ड्याच्या जत्रेतली नंदीध्वजाची मिरवणूक चालते त्या चालीची. गाणारी ओरडत नाही. इतक्या आवाजात ती बोलल्यासारखं गाते, आणि ओळ मध्येच सोडते, ती सोडल्यावर दोन मात्रा कुणीच वाजवत नाही. मग हलगी आत घेते. हलगी थंड पडत गेली की शेवटच्या दोन गाण्यांचा रंग आपोआप उतरतो, म्हणून संथ गाणी शेवटी ठेवलीत. हे ठरवून केलं नव्हतं. एकदा थंडीत गच्चीवर सराव केला तेव्हा सुचलं.

---

वाचनमात्र_वैशाली

मला ऐकू आलं. शपथ.

---

मेटल_महादू

मलाही. थोडं डूम, थोडं पोस्ट-पंक, हलगी लावून.

---

कडक_भाकरी

झालं! माणसानं एवढं चांगलं सांगितलं आणि ह्यानं परत डब्यात भरलं.

---

मेटल_महादू

अरे बाबा, डब्यात भरलं म्हणून नाही. माझ्या कॉलेजच्या दोस्ताला एवढाच निरोप पाठवला, 'डूम, हलगी लावून'. त्यानं लगेच विचारलं, कुठं ऐकायला मिळेल? वरचा उतारा पाठवला असता तर 'नंतर वाचतो' म्हणाला असता.

आणि ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा किस्सा माहीत असेलच. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या. दुखू नये म्हणून पातळ तारा, पुढं त्या सैल करून खाली उतरवल्या. तो जड, खोल आवाज त्यातून आला. सुरुवात त्यांची ब्लूज बँड म्हणून, 'हेवी मेटल' हे नाव बाहेरून चिकटलं. यांची हलगी थंड पडते, त्याची बोटं तुटली. आवाज असाच होतो. पण नाव पडलं म्हणून तर बर्मिंगहॅमचा आवाज सोलापुरातल्या सायबर कॅफेत माझ्यापर्यंत आला.

---

इंद्रभुवन_समोर

महादू, पहिल्यांदाच तुझ्याशी शंभर टक्के सहमत. आता हेही सांग की १९८९ ला ग्रॅमीमध्ये हार्ड रॉक-मेटलचा पहिला पुरस्कार कुणाला मिळाला.

---

मेटल_महादू

नको ना. जेथ्रो टलला. मेटालिकासारखा मेटल बँड समोर असताना. बासरी वाजवणाऱ्या बँडला. जखमेवर मीठ चोळू नका.

---

कडक_भाकरी

म्हणजे विठोबाच्या पायरीवरचा बासरीवालाही मेटल. कळवतो त्याला.

---

मागावरचा_पोरगा

माझे वडील एमआयडीसीत मागावर. मी इयरफोन काढून त्यांना इंडस्ट्रियल नावाच्या प्रकारातलं गाणं ऐकवलं. अर्धा मिनिट ऐकून म्हणाले, 'दुसऱ्या पाळीचं तेल पाणी झालेलं नाही.' हे पहिलं जॉनर जे आमच्या घरी समजावून सांगावं लागलं नाही.

---

नवीपेठ_साईड_बी

शुक्रवार होऊन गेला. काय लिहिलंत शेवटी?

---

चौथी_तार

उशीर झाला, माफ करा. घडलेलं सगळं सांगतो.

मत घेतलं, तीन विरुद्ध एक, 'फोक रॉक' लिहिलं. पाच दिवसांनी आयोजकांचा मेल. आमची निवड झाली होती, 'लोककला विभागात'. संध्याकाळी पाच वाजता, एका कोळीनृत्यानंतर. सोबत सूचना: पारंपरिक वेशभूषा अनिवार्य, दोन माईक मिळतील, ध्वनिमुद्रित संगीत पेन ड्राइव्हमध्ये आणावे.

गिटारवाल्यानं लगेच फेटा बघायला सुरुवात केली. हलगीवाला दोन दिवस बोलला नाही, नुसता बघून हसायचा.

मग चादरवाल्यांचं ऐकलं. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवलं, आणि अण्णांच्या सल्ल्याप्रमाणं चॅनल लिस्टही. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन. 'अहो, हे तर भलतंच आहे. तुम्ही फोक का लिहिलंत?' मी म्हटलं रॉकही लिहिलं होतं. तर त्यांच्या तक्त्यात रकाना लहान होता, पुढचा शब्द कापला गेला होता.

आता रात्री साडेनऊची वेळ मिळालीय. छापील पत्रिकेत बँडच्या नावाखाली काय लिहू असं त्यांनी विचारलं. आमच्या गायिकेनं फोन हातातनं घेतला आणि सांगितलं, 'हलगी, घुमकं, गिटार, बेस आणि गाणं, सोलापूर.' त्या म्हणाल्या बसतंय.

---

पूर्वभागातली

आणि मेटल_महादू, तुमच्या कॉलेजच्या दोस्ताला तारीख कळवा. 'डूम' म्हणजे काय ते मी ऐकलं शेवटी. आमच्यापेक्षा फारच हळू आहे. पण एक-दोन आवडली.

---

मेटल_महादू

कुठली? नावं सांगा, तशीच आणखी पाठवतो.

---

मंद्रात_रमलेला

साडेनऊ आमच्यासाठी उशीर आहे, पण येऊ. पुढं बसवू नका, हलगीची भीती वाटते.

---

कडक_भाकरी

वरातीचं मी अजून विसरलो नाही. भाचीचं लग्न आहे, मे महिन्यात. विचार करून सांगा.

---

ध्वनिक्षेपक_अण्णा

त्या महोत्सवाचा साऊंड माझ्याकडंच आहे. लिस्ट मिळाली. हलगीला एक माईक पुरतो, जरा लांब ठेवू. घुमक्याला खालून एक. लिस्टमध्ये 'शेगडी १' लिहिलंय ते कशाला?

---

चौथी_तार

हलगी तापवायला, अण्णा. रात्री गार पडते.

---

ध्वनिक्षेपक_अण्णा

मंडपात विस्तव चालणार नाही. पाचशेचा हॅलोजन देतो, स्टेजच्या मागं. त्याच्यासमोर धरा. कापडापासून लांब.